शिंपल्यांचा वंश आणि शहराचें सांडपाणी

समुद्राचें पाणी दूषित झालें म्हणजे काय होतें, असें कोणी विचारलें तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढें किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या माशांचा खच उभा राहतो. मासे मेले कीं वर्तमानपत्रांत बातमी येते, चौकशी होते, आणि आठ दिवसांनीं सारें शांत होतें. परंतु दूषणाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यानें प्राणी मरत नाहीं. तो खातो, वाढतो, बाजारांतहि येतो; फक्त त्याचा वंश पुढें चालत नाहीं. कांहीं वर्षांनीं त्या खडकावर तो प्राणी दिसेनासा होतो, आणि तो केव्हां व कशानें गेला हें सांगावयास कोणी साक्षीदार उरत नाहीं. आजच्या भाषणांत मी ह्या मुक्या हानीविषयीं बोलणार आहें. मुंबईकरांच्या ताटाशीं, कोळीवाड्यांतील बायकांच्या कमाईशीं आणि आपल्या प्रत्येकाच्या मोरीशीं ह्या विषयाचा निकटचा संबंध आहे.

प्रथम ह्या प्राण्यांची थोडी ओळख करून घेऊं. गिरगांव-दादरच्या बाजारांत टोपलींतून जें विकावयास येतें, त्यांत अनेक जाती असतात. वाळूंत व चिखलांत पुरून राहणाऱ्या तिसऱ्या व खुबे, खडकाला घट्ट चिकटून बसणारीं कालवें, आणि मालवण-गोव्याकडे ज्यांना शिणाणे म्हणतात ते हिरवट कवचाचे लांबट शिंपले, हे सर्व दोन झडपांचे प्राणी होत. एकाच पिळदार कवचांत राहणारे शंख आणि समुद्री गोगलगाई ह्या त्यांच्याच दूरच्या आप्त. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येऊन मोठी ओहोटी लागली म्हणजे खडक उघडे पडतात, आणि कोळणी लोखंडी हत्यारानें कालवें फोडून त्यांतील गर जमा करतात. ह्या कामाला होडी लागत नाहीं, जाळेंहि लागत नाहीं. दोन हात आणि तो खडक एवढेंच भांडवल. म्हणून खडकावरचीं कालवें कमी झालीं, तर पहिला घाव पडतो तो घरांतील बाईच्या स्वतःच्या कमाईवर.

कालवाचा संसार मोठा विलक्षण आहे. तें जन्मभर एका जागीं खिळलेलें असल्यामुळें जोडीदार शोधावयास जाऊं शकत नाहीं. हंगाम आला कीं नर आपलें रेत आणि मादी आपलीं लक्षावधि अंडीं सरळ पाण्यांत सोडून देते. दोघांची गांठ घालण्याचें काम लाटांचें. अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ दोन-तीन आठवडे पाण्यांत तरंगतात, आणि मग खडकाचा आधार मिळाला कीं तेथें कायमचे चिकटतात. त्याहूनहि आश्चर्य हें कीं, कालवाचें लिंग जन्मभर एकच राहील असा नेम नाहीं. पुष्कळ कालवें तरुणपणीं नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात. १९३१ सालीं प्रो. आवटी व राय यांनीं मुंबईच्या कालवावर एक सविस्तर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. ज्या कालवाच्या कवचांत वाटाण्याएवढा एक चिमुकला खेकडा बिऱ्हाड करून राहतो, त्या कालवांत नरांचें प्रमाण अधिक आढळतें, असें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. आगंतुक पाहुणा अन्न खाऊन टाकतो, यजमानाची उपासमार होते, आणि अंडीं घडविण्याइतकी शक्ति त्याला उरत नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आतां दूषणाकडे वळूं. प्राण्यांच्या शरीरांत नर-मादीपणाचा कारभार अंतःस्रावांकडे असतो. आजच्या परिभाषेंत त्यांना संप्रेरकें म्हणतात. रक्तांतून फिरणारे हे सूक्ष्म निरोपे असून ते पेशींतील ठराविक प्रथिनाशीं जुळले कीं पेशी त्यांच्या सांगण्याप्रमाणें वागूं लागते. स्त्रीत्वाचीं जीं संप्रेरकें, त्यांचें कुलनाम ईस्ट्रोजेन. त्यांपैकीं एक १९२९ सालीं अमेरिकेंत डॉइझी यांनीं व जर्मनींत ब्यूटेनांट यांनीं शुद्ध रूपांत मिळविलें. पुढें १९३८ मध्यें जर्मनींत एथिनिल ईस्ट्राडायोल हें कृत्रिम संप्रेरक तयार झालें. तें पोटांत घेतलें तरी नष्ट होत नाहीं. म्हणूनच संततिनियमनाच्या गोळ्यांत त्याला स्थान मिळालें. त्याच दशकांत लंडनचे डॉड्स यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांचा संप्रेरकांशीं कांहींहि नातेसंबंध नाहीं अशीं कित्येक साधीं रसायनेंहि ईस्ट्रोजेनसारखीं वागूं शकतात. पुढें प्लॅस्टिकच्या धंद्यांत ज्याचा अतोनात खप झाला तें बिस्फेनॉल-ए हें त्यांपैकींच एक होय.

ह्या शोधाचें खरें मर्म १९९१ सालीं एका अपघातानें उघड झालें. अमेरिकेंत बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठांत सोटो व सोनेनशाइन हे शास्त्रज्ञ स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करीत होते. ह्या पेशी ईस्ट्रोजेन घातल्याखेरीज वाढत नाहींत. परंतु त्या एकाएकीं आपण होऊनच वाढूं लागल्या. शोध घेतां असें दिसून आलें कीं, ज्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत द्रव ठेवले होते, त्या नळ्यांतूनच नोनिलफेनॉल नांवाचें द्रव्य पाझरत होतें. हें द्रव्य धुलाईच्या व कापड-प्रक्रियेच्या साबणी रसायनांपासूनहि निर्माण होतें. परळ-लालबागच्या गिरण्यांपैकीं बहुतेक १९८२ च्या संपानंतर बंद पडल्या. पण कापड धुणें कांहीं बंद पडलें नाहीं. तें दुसऱ्या गांवीं गेलें, आणि थोडें आपल्या घरांतील धुण्याच्या यंत्रांत आलें.

आतां हीं द्रव्यें समुद्रापर्यंत पोंचतात कशीं? स्त्रियांच्या, आणि थोड्या प्रमाणांत पुरुषांच्याहि, शरीरांतून ईस्ट्रोजेन नित्य मूत्रावाटे बाहेर पडतें. गरोदर स्त्रीच्या शरीरांतून तर पुष्कळच. निसर्गानें येथें एक चांगली व्यवस्था केली आहे. बाहेर टाकण्यापूर्वीं शरीर ह्या संप्रेरकाला दुसऱ्या एका रेणूची जोड देऊन निकामी करून टाकतें. परंतु गटारांतील जंतु ती जोड तोडतात, आणि निकामी झालेलें संप्रेरक पुनः जागें होतें. गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरकाचीहि तीच गत. शरीरानें केलेला बंदोबस्त गटारांत मोडून निघतो, तो असा.

परंतु एवढ्या अथांग पाण्यांत हें चिमूटभर द्रव्य काय करणार, अशी शंका कोणालाहि येईल. मुंबईला रोज सुमारे चारशें कोटी लिटर पाणी पुरविलें जातें. ह्या सर्व पाण्यांत चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारें चार ग्रॅम साखर विरघळविली, तर लिटरामागें जें प्रमाण पडेल त्याला एक नानोग्रॅम म्हणतात. कॅनडांतील एका लहान सरोवरांत २००१ ते २००३ अशा तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत शास्त्रज्ञांनीं मुद्दाम एथिनिल ईस्ट्राडायोल सोडलें. प्रमाण लिटरामागें पांच ते सहा नानोग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबानें साऱ्या शहराच्या पाण्यांत पांच-सहा चमचे. एवढ्यानें तेथील एका छोट्या माशाचे नर अंड्यांतील बलकाचें प्रथिन बनवूं लागले, त्यांच्या वृषणांत अंडीं दिसूं लागलीं, आणि तो मासा त्या सरोवरांतून जवळजवळ नाहींसा झाला. इंग्लंडांतील नद्यांत सांडपाण्याच्या मुखाखालीं राहणाऱ्या नर माशांतहि असेच प्रकार १९९० नंतरच्या दशकांत आढळले होते. माशांच्या बाबतींत हा पुरावा आतां निर्विवाद आहे.

मग शिंपल्यांचें काय? येथें मला श्रोत्यांपुढें दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवावयाच्या आहेत. एक पूर्ण सिद्ध झालेली आणि दुसरी अर्धवट.

सिद्ध झालेली गोष्ट ईस्ट्रोजेनची नव्हे, जहाजाच्या रंगाची आहे. जहाजाच्या बुडाला शेवाळ व शिंपल्या चिकटल्या तर त्याची गति मंदावते व इंधन अधिक जळतें. म्हणून १९६० नंतर कथलाचें एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिलटिन, रंगांत मिसळूं लागले. १९७० सालीं इंग्लंडमध्यें प्लिमथच्या किनाऱ्यावर ब्लेबर यांना खडकावरील गोगलगाईच्या माद्यांना नराचें जननेंद्रिय फुटलेलें दिसलें. पुढील वर्षीं अमेरिकेंत स्मिथ यांनीं दुसऱ्या एका जातींत तोच प्रकार पाहिला आणि त्याला 'इम्पोसेक्स' हें नांव दिलें. लादलेलें लिंग, असा त्याचा अर्थ. हा विकार वाढला कीं नवें इंद्रिय मादीच्या अंडवाहिनीची वाट बंद करतें. अंडीं आंत तयार असतात. तीं बाहेर येऊं शकत नाहींत. ह्याला लिटरामागें एक-दोन नानोग्रॅम कथील पुरतें. संशोधनाअंतीं दोष जहाजांच्या रंगाचा ठरला.

फ्रान्समधील आर्काशों उपसागरांत ह्याच रंगानें कालवांच्या शेतीची दैना केली. तेथें वर्षाला दहा ते पंधरा हजार टन कालवें निघत. १९८१ मध्यें तीं तीन हजार टनांवर आलीं. डिंभ जगेनात, आणि मोठ्या कालवांचीं कवचें वेडींवांकडीं जाड होऊं लागलीं. १९८२ सालीं फ्रान्सनें लहान नौकांना हा रंग लावण्यास बंदी केली, आणि उपसागर पुनः भरूं लागला. जगभरच्या जहाजांसाठीं केलेला आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्यें मंजूर होऊन १७ सप्टेंबर २००८ पासून अंमलांत आला.

आपल्या किनाऱ्यावरील पुरावा गोव्यांत सांपडला. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे विश्वकिरण व अनिल यांनीं मुरगांव बंदराच्या परिसरांतील एका गोगलगाईंत हा विकार नोंदवून १९९९ सालीं प्रसिद्ध केला. त्या गोगलगाईचें शास्त्रीय नांव क्रोनिया कोंकणेन्सिस. म्हणजे आपल्या कोंकणाचेंच नांव धारण करणारा हा जीव. जेथें जहाजें नांगरतात, दुरुस्त होतात, त्यांचीं बुडें खरवडून रंगविलीं जातात, तेथें ही शंका बाळगणें भाग आहे. माझगांव गोदी, नौदलाची गोदी आणि भाऊच्या धक्क्याभोंवतालचें बंदर पाहतां मुंबईला ह्यांतून वगळतां येत नाहीं. रंगाला बंदी झाली तरी बंदराच्या प्राणवायुहीन चिखलांत हें संयुग वर्षानुवर्षें टिकतें, आणि गाळ उपसला कीं पुनः पाण्यांत येतें.

ट्रायब्युटिलटिन मादीला नर बनवितें. ईस्ट्रोजेनचा ओढा उलट दिशेला. तरी हें उदाहरण मीं आधीं सांगितलें, तें एवढ्यासाठीं कीं, शहरानें टाकलेलें अत्यल्प द्रव्य शिंपल्यांचा वंश खुंटवूं शकतें हें त्यावरून पक्कें ठरलें. आतां अर्धवट सिद्ध झालेली गोष्ट.

कॅनडांत माँट्रियल शहराचें सांडपाणी सेंट लॉरेन्स नदींत जातें. त्या नदींतील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. सांडपाण्याच्या मुखाच्या वरच्या अंगाला माद्या शेंकडा ३० होत्या. खालच्या अंगाला त्या शेंकडा ८० भरल्या. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत कालवाच्या आठवडाभराच्या डिंभांना केवळ दोन दिवस नोनिलफेनॉलच्या पाण्यांत ठेवलें, आणि मग स्वच्छ पाण्यांत वाढविलें. तीं मोठीं झालीं तेव्हां माद्यांचें प्रमाण वाढलेलें आढळलें, कांहीं कालवें एकाच वेळीं नर व मादी निघालीं, आणि त्यांची पुढची पिढी नीट जगेना. बाळपणींचे दोन दिवस साऱ्या आयुष्याला पुरले. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेंतहि असेंच एक तत्त्व उंदरांच्या बाबतींत दिसून आलें आहे. जन्मतःच बिस्फेनॉल-ए दिलेल्या नर उंदरांची प्रजननशक्ति प्रौढपणीं घटते, हें तेथील संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. द्रव्य किती पोटांत गेलें याइतकेंच तें कोणत्या वयांत गेलें यालाहि महत्त्व आहे.

इतकें असूनहि शास्त्रज्ञ येथें सावधपणें बोलतात, आणि त्यांचें कारण ऐकण्यासारखें आहे. माशांत व माणसांत ईस्ट्रोजेन ज्या प्रथिनाशीं जुळतें, त्याच घराण्यांतील एक प्रथिन शिंपल्यांच्या कुळांतहि आहे. परंतु २००३ मध्यें एका समुद्री गोगलगाईंतील ह्या प्रथिनाची परीक्षा केली, तेव्हां तें ईस्ट्रोजेनची दखलच घेत नाहीं असें ठरलें. घरांतील दिवा बटणाशिवाय सदा पेटलेला असावा, तसें तें निरोप्याची वाट न पाहतां सदा आपलें काम करीत असतें. कालवांतहि पुढें तसेंच आढळलें. मग नदींतल्या माद्या वाढल्या कशानें? येथें प्रो. आवटींच्या चिमुकल्या खेकड्याची आठवण करावी. उपासमारीनें नर वाढतात, तर भरपूर अन्नानें माद्या वाढावयास हरकत काय? सांडपाणी म्हणजे विषारी द्रव्यांइतकेंच अन्नहि. त्यावर सूक्ष्म जीव पोसतात आणि त्यांवर शिंपल्या. तेव्हां माद्यांची वाढ संप्रेरकानें झाली कीं खताच्या जोरानें, हें नुसत्या मोजणीनें ठरत नाहीं. नोनिलफेनॉल ईस्ट्रोजेनच्या वाटेनें न जातां दुसऱ्याच कोणत्या वाटेनें घात करीत असेल, हेंहि शक्य आहे. शिंपल्यांना अपाय होतो हें दिसतें. तो कोणत्या दारानें आंत शिरतो हा वाद आहे. आणि दार कोणतें हें ठरेपर्यंत घाण चालूं ठेवावी, असा निष्कर्ष कोणताहि शहाणा माणूस काढणार नाहीं.

मुंबईची स्थिति काय आहे? वरळी व वांद्रे येथून समुद्राच्या तळाखालीं तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे नळ काढून शहराचें सांडपाणी खोल पाण्यांत सोडण्याची व्यवस्था झाली. तेथें पाण्यावर गेलीं अनेक वर्षें जो संस्कार होत आला तो मुख्यतः गाळणीचा, म्हणजे चिंध्या, प्लॅस्टिक व रेती काढण्याचा. पाण्यांत विरघळलेल्या संप्रेरकाला चाळणी काय अडविणार? खोल समुद्रांत भरती-ओहोटीनें त्याचें प्रमाण फार विरळ होतें, ही जमेची बाजू. परंतु मिठी नदीवाटे माहीमच्या खाडींत आणि नाल्यांतून किनाऱ्यालगत जें मैलें पाणी येतें, त्याला असा विस्तार मिळत नाहीं. खाडीचा चिखल त्याला धरून ठेवतो. आणि शिंपल्या राहतात त्या नेमक्या ह्याच उथळ पट्ट्यांत. त्यांचा आहारहि असा कीं, दिवसभर कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळून जें अडकेल तें खावयाचें. शहरानें जें सोडलें तें त्यांच्या मुखांतून जाणारच.

उपाय अगदींच अप्राप्य आहेत असें नाहीं. सांडपाण्यांत हवा खेळवून जंतूंकडून तें पचवून घेतलें, तर नैसर्गिक ईस्ट्रोजेनचा मोठा भाग नाहींसा होतो. गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक अधिक चिवट आहे, आणि नोनिलफेनॉल गाळांत जाऊन बसतें. म्हणून त्या गाळाचीहि विल्हेवाट काळजीनें लावावी लागते. १९ जानेवारी २०२३ रोजीं वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप येथील सात शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण योजलेली क्षमता दिवसाला सुमारें २४६ कोटी लिटर आहे. अशीं केंद्रें वेळेवर उभीं राहणें, अखंड चालणें आणि नाल्यांतून परस्पर समुद्रांत जाणारें पाणी त्यांच्याकडे वळविलें जाणें, ह्या तिन्ही गोष्टींवर नागरिकांनीं लक्ष ठेविलें पाहिजे. नोनिलफेनॉल देणाऱ्या साबणी द्रव्यांवर युरोपांत २००५ पासून निर्बंध आहेत. तीं वगळूनहि कापड स्वच्छ निघतें.

ह्या कामीं आपल्या विद्यार्थ्यांचाहि उपयोग करून घेतां येईल. गोगलगाईच्या मादीला नराचें इंद्रिय फुटलें आहे काय, हें पाहण्यास साधें भिंग आणि थोडा सराव पुरतो. कालवाच्या जननग्रंथीचा पातळ छेद घेऊन तें नर कीं मादी हें ठरविणें महाविद्यालयांतील सूक्ष्मदर्शकाखालीं होण्यासारखें आहे. चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजापासून माटुंग्याच्या रुईया कॉलेजापर्यंत अशा प्रयोगशाळा आहेत. वरळी, माहीम व शिवडी येथील नमुने दर महिन्यास घ्यावे, मालवणसारख्या मोठ्या शहरापासून दूर असलेल्या किनाऱ्यावरील नमुन्यांशीं ताडून पाहावे, कवचांत खेकडा आहे काय हेंहि नोंदवावें, आणि असें दहा वर्षें चालवावें. तसेंच कोळीवाड्यांतील वयस्कर बायांना विचारावें कीं, पूर्वीं नवीं कालवें कोणत्या महिन्यांत, कोणत्या खडकावर बसत, आणि आतां बसतात काय. त्यांनीं आयुष्यभर जें डोळ्यांनीं पाहिलें आहे, तें एकाहि वहींत नीट उतरलेलें नाहीं.

एक प्रश्न गृहिणी नक्कीच विचारतील: मग तिसऱ्यांची आमटी व कालवांचें कालवण बंद करावें काय? ह्या भीतीनें तरी तसें करण्याचें कारण नाहीं. मैल्या पाण्यांतील शिंपल्यांपासून माणसाला जो जवळचा धोका आहे, तो विषमज्वर, कावीळ अशा रोगांच्या जंतूंचा. म्हणून त्या कच्च्या किंवा अर्ध्या-कच्च्या खाऊं नयेत, पूर्ण शिजवाव्या, आणि गटाराच्या मुखाशीं काढलेल्या घेऊं नयेत. घरांत शिल्लक राहिलेलीं औषधें व गोळ्या मोरींत किंवा शौचकूपांत ओतूं नयेत. आणि बाजारांत गेल्यावर, टोपली घेऊन बसलेल्या बाईला भाव विचारण्याबरोबर हेंहि विचारावें कीं, बाई, यंदा माल कोठून आला, आणि गेल्या वर्षाहून कमी मिळतो कीं अधिक? खडकाची हालहवाल शहराला कळविणारी तिच्यासारखी दुसरी वार्ताहर नाहीं.